गाडीचा पत्ता लातूर

गुरुपादप्पांच्या दारात कुणीही उभं राहो, पाहुणा असो, पोस्टमन असो की सख्खा मेव्हणा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "काय काम काढलं?" त्यात तुसडेपणा नव्हता. उभी हयात लातूरच्या मार्केटात आडतीच्या दुकानावर गेली. सकाळपासून शेतकऱ्यांची रीघ, कुणाला हिशोबाची पट्टी हवी, कुणाला उचल हवी, कुणाचं पोतं वजनात कमी भरलेलं. तिथं 'या, बसा, चहा घ्या' करत राहिलं तर धंदा बसतो. पोरगा दुकान चालवणार नाही हे ठरल्यावर त्यांनी दुकान विकलं, पण तो प्रश्न काही विकता आला नाही. तो त्यांच्याबरोबर घरी आला आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून राहिला.

आणि ज्याच्यासाठी जीव तुटायचा, तो मात्र काम असल्याशिवाय येत नव्हता. अमरनाथ, एकुलता एक, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याची बायको सुकन्या नांदेडची. तिचे वडील उमाशंकरराव विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झाले होते. दिवाळी आली की पोरं नांदेडला, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की नांदेडला. तिथं धरणाकडून येणारं गार वारं, अंगणात झोका, नातीसाठी पाळलेला ससा. लातूरला काय, तर नळाला पाणी कोणत्या वारी येणार त्याची चर्चा. व्याह्यांवर गुरुपादप्पांचा राग नव्हता. फक्त त्यांचं नाव निघालं की तोंडातली सुपारी कडू लागायची.

अशा माणसाच्या हातात एकच दोर होता, पोराची गाडी.

ती अमरनाथनं एका दसऱ्याला घेतली होती. राहायला पुण्यात, पण खरेदी लातूरच्या शोरूममधून, पत्ता लातूरच्या घराचा, नंबर एमएच चोवीस. पुण्यात गाड्या मिळत नाहीत का, असं बापानं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की पुण्याच्या पत्त्यावर गाडी घेतली तर विमा महाग पडतो, लातूरच्या पत्त्यावर सस्तात होतो. कारण धंद्याचं होतं, त्यामुळं गुरुपादप्पांना ते तिथल्या तिथं पटलं.

बाकीचं त्यांनी जलीलकडून समजून घेतलं. जलील हा गंजगोलाईजवळच्या बोळातला विमा एजंट. गुरुपादप्पांच्या दुकानातल्या मालाचा आगीचा विमा त्याच्याकडंच असे, तेव्हापासूनची दोस्ती. त्यानं सांगितलं की गाडीच्या विम्यासाठी सगळ्या देशाचे दोन भाग पाडलेत. आठ मोठी शहरं एकीकडं आणि उरलेला मुलूख दुसरीकडं. पुणं पहिल्यात. तिथं गर्दी जास्त, ठोकाठोकी जास्त, चोऱ्या जास्त, पत्रा सरळ करायची मजुरी जास्त, म्हणून हप्ता जास्त. लातूर दुसऱ्यात.

"आणि नांदेड?" गुरुपादप्पांनी मुद्दाम विचारलं.

"तेबी आपल्यातच," जलील म्हणाला.

लातूर आणि नांदेड यांचं आजवर कशावरून जमलेलं नाही. आयुक्तांचं ऑफिस कुणाकडं, रेल्वे कुणाची, पोरं कुणाची हुशार, सगळ्यावर तंटा. पण विमेवाल्यांनी दोघांना एकाच पंगतीत बसवलेलं ऐकून गुरुपादप्पा जरा हिरमुसले. तरी महिनाभर ते मार्केटात सांगत फिरले की माल एकच, पण पेठ बदलली की भाव बदलतो, आणि माझ्या पोराला ते बरोबर कळलंय.

पुढच्या दसऱ्याच्या तोंडाला विम्याची मुदत संपत होती. नूतनीकरण बापानं करायचं असं ठरलेलं. गुरुपादप्पा तेव्हा खरोखरच विसरले. मुदत उलटून गेल्यावर जलीलकडं गेले तर तो म्हणाला, आता गाडी डोळ्यांनी बघावी लागेल, फोटो काढावे लागतील, मगच नवा विमा. गाडी लातूरला आणायला सांगा.

आणि अमरनाथ आला. बायकोला, तान्ह्या अक्षराला घेऊन आला. जलीलनं गाडीभोवती फिरून फोटो काढले. बॉनेट उघडून आतल्या लोखंडात कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासून आकडे कागदावर उतरवून घेतले. दसऱ्याला दुकानातल्या जुन्या तराजूची पूजा व्हायची, त्याच्या शेजारी गाडी उभी राहिली. झेंडूचा हार चढला, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली गेली. लक्ष्मम्मांनी पुरणाचा घाट घातला. घरात लेकराच्या रडण्याचा आवाज होता, ओलं बाळोतं दोरीवर होतं, आणि गुरुपादप्पांना वाटलं, एवढंच पाहिजे होतं बाबा, दुसरं काही मागितलं नव्हतं.

ते गेल्यावर घर असं गपगार झालं की घड्याळाचासुद्धा राग यावा. त्या वेळी त्यांच्या डोक्यात ती आडतीतली अक्कल चमकली. पुढच्या वर्षी ते पुन्हा विसरले. या खेपेला ठरवून.

मग ती रीतच पडली. दसरा जवळ आला की गुरुपादप्पांना विस्मरण व्हायचं. मुदत टळली की ते चेहरा पाडून पोराला फोन करायचे, "अमर, ते विम्याचं राहूनच गेलं बघ. जलील म्हणतोय गाडी दाखवावी लागंल." अमरनाथ थोडा कुरकुरायचा आणि यायचा. अक्षरा मोठी झाली तशी पेन्सिल घासायचं काम तिच्याकडं गेलं. आपण काय करतोय हे म्हाताऱ्याला कळत नव्हतं असं नाही. विमा नसलेली गाडी पुण्याहून इतक्या लांब यायची, आत सून, नात. पण तो विचार दाराशी आला की ते त्यालाही विचारायचे, काय काम काढलं, आणि बाहेरच्या बाहेर लावून द्यायचे.

यंदा भाद्रपदातच अमरनाथचा फोन आला. पुण्यात फ्लॅट घेतल्याचं जुनं झालं होतं. आता आधारवरचा पत्ता बदलून झाला होता. गाडीचाही बदलायचा होता, नियमानं बदलावाच लागतो. दसऱ्याला येताना कागद आणतो, म्हणाला, अप्पांनी तेवढी जुनी फाईल काढून ठेवावी.

गुरुपादप्पांच्या हातातला फोन जड झाला. "पुण्याचा पत्ता घातला की विमा वाढंल," ते म्हणाले.

"वाढू द्या, अप्पा."

भाव वाढू द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढं काय बोलायचं हे त्यांना उभ्या हयातीत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी फोन लक्ष्मम्मांकडं दिला. लक्ष्मम्मा उदगीरकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. त्यांचा फोनवरचा पहिला प्रश्नही ठरलेला होता, "ऊटा आयतेनु?" म्हणजे जेवलास का. त्यांना बोलायला कधी काम लागलं नाही. जेवण, खोकला, शेजारणीची म्हैस, कशावरही त्या बोलत. गुरुपादप्पा बाजूला बसून ऐकत राहिले. त्यांना बायकोचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी ते जलीलच्या ऑफिसात जाऊन बसले. पुण्याचा पत्ता झाला तर नक्की कितीनं वाढेल, असं त्यांनी विचारलं. जलीलनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फार नाही, म्हणाला. घरातली चार माणसं एकदा हॉटेलात जेवली की संपलं, तेवढाच फरक.

"तेवढाच?"

"तेवढाच, अप्पा."

पुण्याहून लातूरला यायला एका खेपेला जे पेट्रोल जळतं त्यात असे कितीतरी फरक जळून जातील, हे काढायला गुरुपादप्पांना कागद लागला नाही. इतकी वर्षं ज्या पोराला आपण व्यवहारात पक्का समजत होतो तो असा आतबट्ट्याचा धंदा का करत राहिला, हे मात्र त्यांना उमगेना. उमगेना म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि आपली अडचण पुढं केली. अमर आला की त्याला तू फरक दुप्पट-चौपट सांग, म्हणजे तो पत्ता बदलायचा नाही, असं त्यांनी जलीलला सांगून बघितलं.

"अप्पा, माझ्या वाट्याचं खोटं मी केव्हाच बोलून संपवलं," जलील म्हणाला आणि चहा मागवला. गुरुपादप्पांनी त्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. चहाही अर्धा टाकला.

घरी येताना त्यांनी मनाशी ठरवलं, हा दसरा शेवटचा तर शेवटचा. एकदा पत्ता पुण्याचा झाला की पोराला लातूरचं काय काम राहणार? गाडी पुण्याहून निघाली तरी नांदेडचा रस्ता धरेल, आणि लातूर वाटेत लागतं म्हणून अर्धा तास थांबेल, तेही पाणी प्यायला. मुदत टळू दिली. फोन केला, चेहरा पाडला. अमरनाथ नेहमीसारखा कुरकुरला आणि निघतो म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते सकाळपासून ओट्यावर होते. सोयाबीनचे दिवस, ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर मार्केटकडं चालले होते. दुपार कलली तेव्हा फोन वाजला. अमरनाथचा आवाज चढलेला होता. मुरुडजवळ पुढं चाललेली सोयाबीनची ट्रॉली चढावर मागं सरकली होती आणि सरळ गाडीच्या तोंडावर आली होती. कुणाला काही नाही अप्पा, अक्षराला काही नाही, सुकन्याला काही नाही, बॉनेट आत गेलंय, दिवा फुटलाय. गाडी चालतीये, हळूहळू येतो.

गुरुपादप्पांनी बरं म्हटलं की नाही, त्यांनाच आठवेना. पायात चप्पल आहे की नाही हेही त्यांनी बघितलं नाही. इतकी वर्षं दाराबाहेर लावून दिलेला तो विचार आता सरळ घरात शिरला होता. ट्रॉली आणखी हातभर मागं आली असती तर? लेकरू पुढं बसलेलं असतं तर? आणि अंगावर विम्याचा कागद नाही, आणि तो का नाही, तर आजोबाला नात बघायची होती म्हणून. ते रिक्षा करून जलीलच्या ऑफिसात पोचले तेव्हा त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं वाहून गेली होती.

त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. विसरत नव्हतो, ठरवून मुदत टाळत होतो, दर साल. पोर यावं म्हणून. आता काय व्हायचं ते माझं होऊ दे, पण अमरला कायद्यात अडकवू नको, काहीतरी कर.

जलील उठला, त्यानं त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

"अप्पा, पाणी प्या आधी. विमा चालू हाय. पहिलं साल सोडलं तर कधीच बंद पडला न्हाई."

"कसा पडला न्हाई? मी यंदाचे पैसेच भरले न्हाईत."

"अमर भरतो. दर साली मुदतीच्या आधीच, पुण्याहून, फोनवरनं. पहिल्या साली तुम्ही खरंच विसरलात, त्यानंतर त्यानं मला सांगून ठेवलं, चाचा, लेकरू घेऊन येतो मी, मुदत टळू द्यायची न्हाई. पण अप्पाला कळू द्यायचं न्हाई."

"मग ते फोटो? ती पेन्सिल?"

"ते तुमच्यासाठी, अप्पा. विम्याला त्याचं काय काम न्हवतं."

फोटो काढून झाले की विम्याचे पैसे गुरुपादप्पा दर साली जलीलच्या हातावर ठेवत आणि जलील ते मागच्या दारानं लक्ष्मम्मांना परत देई. अक्षराच्या पायातले चांदीचे वाळे त्या पैशांतलेच. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं. पोराला, सुनेला, बायकोला, एजंटाला. हुशारी करणारा तेवढा एकटा अंधारात होता. गुरुपादप्पांना राग यायला हवा होता. आयुष्यात कुणी त्यांना एवढं गंडवलं नव्हतं. पण राग काही येईना, आणि जलीलच्या ऑफिसात रुमाल तोंडाला लावून ते बराच वेळ बसून राहिले.

गाडी आली. एक डोळा फुटलेला, तोंड आत गेलेलं. अक्षरा उड्या मारत उतरली आणि ट्रॉलीतलं सोयाबीन काचेवर कसं सांडलं ते सांगू लागली. गुरुपादप्पांनी तिला उचलून घेतलं आणि खाली ठेवेनात. अमरनाथनं त्यांच्याकडं बघितलं, मग आईकडं बघितलं, आणि त्याला कळलं की म्हाताऱ्याला कळलंय. दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलण्यासारखं काम नव्हतं ना.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावून लक्ष्मम्मा त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. अमर शाळेत होता, तेव्हा शाळा सुटली की घरी यायच्या आधी दुकानावर जायचा. तुम्ही गल्ल्यावरनं मान वर करून विचारायचात, काय काम काढलं? तो म्हणायचा, पेन्सिल पाहिजे. तुम्ही पैसे द्यायचात आणि मान खाली घालायचात. पोरगं थोडा वेळ पोत्यावर बसायचं आणि घरी यायचं.

"त्याच्या दप्तरात पेन्सिलींचा ढीग सापडला मला," त्या म्हणाल्या. "एकीलाबी टोक केलेलं न्हवतं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमाला सांगायचं तर काय काम काढून यायचं मी?"

गुरुपादप्पांना ती पोती आठवली, पोत्यांवर पाय हलवत बसलेलं पोरगं आठवलं. तोंड मात्र आठवेना, कारण तोंडाकडं त्यांनी बघितलंच नव्हतं. त्या वेळी नुसतं 'बस' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मार्केट काय पळून जात होतं?

दसऱ्याच्या सकाळी फुटक्या गाडीलाच हार घातला. अक्षरानं चेपलेल्या बॉनेटवर विभूती ओढली. अमरनाथ फाईल मागायला ओट्यावर आला तर ती आधीच तिथं होती.

"बदल पत्ता," गुरुपादप्पा म्हणाले. "लेकरू जिथं झोपतं, तिथला पत्ता पाहिजे गाडीला. मी उगीच धरून ठेवला."

अमरनाथला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं फाईल उघडली, बंद केली, ओट्याची फरशी बघितली. "तुम्ही एकट्यानं धरला न्हाई अप्पा," एवढंच तो म्हणाला. सोनं वाटून झाल्यावर पोरं चाकूर-अहमदपूरच्या रस्त्यानं नांदेडला गेली. गाडी पुढं तिथंच दुरुस्तीला टाकायची होती. उमाशंकररावांच्या ओळखीचा गॅरेजवाला होता. गुरुपादप्पांना त्या दिवशी सुपारी कडू लागली नाही. फक्त खाल्लीच गेली नाही.

पत्ता पुण्याचा झाला. विमा वाढला तेवढा वाढला. वर्षभरात पोरं एकदा आली, सुकन्याच्या चुलतबहिणीच्या लग्नाला नांदेडला जाताना. घाईत होती. थांबली, जेवली, गेली. गुरुपादप्पा रस्त्यावर अमरच्या गाडीसारखी गाडी दिसली की मान वळवून बघत, आणि स्वतःवरच चिडत. अक्षराची नंबर घासायची पेन्सिल त्यांच्या कोटाच्या खिशात राहिली होती. त्या पेन्सिलीला त्यांनी कुणाला टोक करू दिलं नाही.

दसरा पुन्हा आला. नवरात्र बसलं, तराजू घासून झाला. जलील सहज येऊन बसला आणि गेला. त्याच्याकडंही काही काम नव्हतं. विमा पुण्याहून परस्पर भरला जाणार होता, गाडी कुणाला दाखवायची नव्हती. लक्ष्मम्मा दोन वेळा म्हणाल्या, फोन करा की. गुरुपादप्पा म्हणाले, काय म्हणून करू? तिसऱ्या वेळी त्या फोन त्यांच्या मांडीवर ठेवून आत गेल्या.

ते बराच वेळ त्या फोनकडं बघत बसले. खिशातल्या पेन्सिलीवरून बोट फिरवलं. मग नंबर लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत अमरनाथनं उचलला.

"अप्पा? काय काम काढलं?"

त्यांचा स्वतःचा प्रश्न पुण्याहून परत आला होता. त्यांना वाटलं, सांगावं काहीतरी. घराचा कागद, चाकूरच्या शेताचा सातबारा, आईचं गुडघं. सगळी कामं तोंडाशी येऊन उभी राहिली आणि त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं.

"काम काय न्हाई," ते म्हणाले. "आठवण यायली रे तुझी. दसरा हाय. ये."

अमरनाथ बोलला, आणि तो आवाज दुकानातल्या पोत्यावर बसलेल्या पोराचा होता.

"मीबी सकाळधरनं फोन हातात घेऊन बसल्तो, अप्पा. काय काम सांगून यावं, सुचंना."

गुरुपादप्पांनी डोळे मिटले.

"पेन्सिल पाहिजे म्हणायचं," ते म्हणाले.